माझ्या साडूंचे प्लगपुराण

यवतमाळ जिल्ह्यात ज्याच्या गाडीचा प्लग माझ्या मोठ्या साडूंनी काढून पाहिलेला नाही, असा माणूस एक तर पायी चालतो, नाहीतर डिझेलवर चालतो. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी पाडणारा प्लग नसतो म्हणून ते लोक वाचले. बाकी आम्ही सगळे, म्हणजे मोटारसायकलवाले, स्कूटरवाले, एवढंच काय, पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप पाठीवर मारून कपाशीत निघालेले शेतकरीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटलेलो नाही. या गोष्टीचा मला मनस्वी संताप आहे आणि तो मी आज कोणाचीही भीडभाड न ठेवता सांगणार आहे. आमच्या घरात हा विषय काढायला बंदी आहे, कारण हे गृहस्थ बायकोच्या माहेरच्या बाजूचे पडतात.

मोठे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घाटंजीच्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांची कपाशी-तुरीची शेती आहे. मी यवतमाळला शाळेत भूगोल शिकवतो. वयाने आणि मानाने मोठे म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. ते मला 'मास्तर' म्हणतात आणि त्या शब्दात आदर किती आणि कीव किती, याचा इतक्या वर्षांत मला अंदाज आलेला नाही. उंच, काटकुळे, अंगात पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या ज्या खिशात सभ्य माणसं पेन ठेवतात तिथे यांचा प्लग काढायचा पाना. त्या पान्याच्या वजनाने खिसा लोंबतो, फाटतो, मग ताई म्हणजे त्यांच्या पत्नी आतून जाड कापड लावून तो पुन्हा शिवतात. लग्नाच्या आहेरात आलेल्या नव्या कोऱ्या सदऱ्यालाही घालण्याआधी हे अस्तर लागतं. मी एकदा म्हटलं, "दादा, पाना गाडीच्या डिक्कीत ठेवत जा की." तर म्हणाले, "डाक्टर आपली नळी का डिक्कीत ठेवते?"

आता त्यांचं शास्त्र सांगतो, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. गाडी दिसली की दादा आधी तिच्या मागे जातात, मालकाकडे नंतर पाहतात. धुराच्या नळकांड्याच्या तोंडात बोट फिरवतात, बोट हुंगतात, आणि मग न विचारता खाली बसून प्लग काढतात. प्लगचं टोक कोरडं आणि बिस्किटाच्या रंगाचं असलं तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जळतंय, ते फारसं गंभीर नाही. पण टोक काळं, ओलं आणि चिकट निघालं की तेल वर येतंय. मग दादांचा आवाज एकदम खाली येतो आणि ते मालकाला बाजूला घेऊन विचारतात, "निया धूर कवा येते? सकायी पयल्या किकले येते का चढावर येते?" निळा धूर सकाळी पहिल्यांदा चालू करताना आला तर वॉल्वच्या सीला गेल्या. चढावर, ओझं घेऊन जाताना आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. आणि तेल प्लगच्या नुसत्या आट्यांवर, बाहेरून लागलेलं असलं तर इंजिन ठीक, वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं. हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी ते वाक्य येणारच. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की वर्गात भूकंप शिकवताना एकदा माझ्याच तोंडून निघून गेलं. "पेट्रोल सरलं तं गाडी थांबते. तेल सरलं तं गाडी मरते."

बरं, निदान वेळकाळ तरी पाहावा की नाही? माझ्या पुतणीचं साक्षगंध होतं. मुलाकडची मंडळी बाभुळगावहून आली होती. मांडवात पंगत बसलेली, आग्रह चाललेला, आणि दादांचं पान रिकामं. बाहेर येऊन पाहतो तर गृहस्थ पाहुण्यांच्या गाड्यांच्या रांगेत उकिडवे बसलेले, आणि समोर रुमालावर प्लग ओळीने मांडून ठेवलेले. कोणता कोणत्या गाडीचा हे त्यांना ठाऊक होतं म्हणे. ते मला पाहून म्हणाले, "मास्तर, नवरदेवाच्या गाडीचा प्लग पाह्यला का? वल्ला गच्च हाये. हे सोयरिक मले जमत नाही."

मी हात जोडले. म्हटलं, मुलगा चांगला शिकलेला आहे, घर चांगलं आहे, मुलगी खूश आहे.

"ज्याले आपल्या गाडीच्या तेलाची फिकीर नाही," दादा म्हणाले, "थो पोरीची काय फिकीर करन?"

हे वाक्य त्यांनी माझ्या कानात सांगितलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. ते त्यांनी हात धुवायला बाहेर आलेल्या मुलाच्या मामाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पुढचा तासभर मी मुलाकडच्यांच्या ज्या विनवण्या केल्या त्या माझ्या स्वतःच्या लग्नातही केल्या नव्हत्या. लग्न झालं, पुतणी सुखात आहे, तिला गोंडस मुलगी आहे. हे मी दादांना दरवेळी मुद्दाम सांगतो. ते मान हलवतात आणि म्हणतात, "रिंगा जाले टाइम लागते, मास्तर."

यवतमाळला नाक्यावर एका पोलिसाने हेल्मेट नाही म्हणून त्यांना अडवलं. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. दादांनी त्या पोलिसाच्या मोटारसायकलकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, हे तेल पेऊन राह्यली, तुमाले मालूम हाये का?" त्यानंतर भर चौकात पांढरा धूर, काळा धूर आणि निळा धूर यांवर प्रवचन झालं. मागे वाहनं खोळंबली. शेवटी त्या पोलिसाने, मला वाटतं स्वतःची सुटका करून घेण्यासाठी, यांना जायला सांगितलं. दादा जायला तयार नव्हते. प्लग अजून बाहेर काढायचा होता.

माझ्या स्कूटरची गोष्ट सांगितली तर अजूनही माझं डोकं तापतं. भर उन्हाळ्यात आम्ही दोघे बाभुळगावच्या रस्त्याने येत होतो. गाडी उत्तम चालली होती. दादा मागे बसले होते आणि त्यांना कसला तरी वास आला. "थांबा." मी थांबलो, हीच माझी चूक. तापलेल्या इंजिनातून त्यांनी पान्याने सैल करून सदऱ्याच्या टोकाने प्लग काढला, उन्हात धरला, आणि समाधानाने म्हणाले, "तेल नुसतं आट्याइले हाये. पॅकिंग गेलं. भेवाचं काम नाही." निदान अगदी बरोबर होतं, नंतर मिस्त्रीनेही तेच सांगितलं. पण हे सांगता सांगता चटका बसून प्लग त्यांच्या हातून सुटला आणि रस्त्याच्या कडेच्या मोरीत गेला. एक झाड नाही, एक घर नाही. त्या रणरणत्या उन्हात मी गाडी ढकलत होतो आणि दादा शेजारून चालत मला धीर देत होते, "पण मास्तर, इंजन एक नंबर हाये तुमचं."

त्यांच्या घरी बैठकीत, जिथे लोक देवाची किंवा वडीलधाऱ्यांची तसबीर ठेवतात, त्या खिडकीत जुन्या प्लगांची रांग आहे. पाहुणा आला की चहाआधी त्या रांगेचं दर्शन. हा सरपंचाचा, याच्या रिंगा गेल्या होत्या. हा शाळेच्या शिपायाचा, याने भलतंच तेल टाकलं होतं. एका प्लगाजवळ मात्र ते नेहमी थोडे थांबतात. तो त्यांच्या बरोबरीच्या एका मित्राचा. "पाहा, कसा सुक्का खडखडीत हाये," ते म्हणतात. "गाडी अजून चालून राह्यली. माणूस गेला." मग पुढच्या प्लगाकडे वळतात. त्या क्षणी मात्र मला त्यांच्यावर रागावता आलेलं नाही, हे कबूल करतो.

या सगळ्या प्रवचनांच्या मागे एक मोठा अभिमान होता, तो म्हणजे दादांची स्वतःची मोटारसायकल. जुनी, पण तिचा प्लग म्हणजे बिस्किट. "माह्यं इंजन तेलाचा थेंब पेत नाही," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. वेळच्या वेळी तेल बदलायचं, आणि एका बदलापासून दुसऱ्या बदलापर्यंत तेलाचं झाकण उघडूनसुद्धा पाहायचं नाही. झाकण उघडणं म्हणजे इंजिनावर संशय घेणं, असं त्यांचं मत. एवढ्यावर थांबतील तर ते दादा कसले! गावातल्या चहाच्या टपरीवर, घाटंजीच्या मिस्त्रीच्या तोंडावर, त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी माझ्या प्लगवर तेल दिसेल, त्या दिवशी हा पाना विहिरीत टाकीन आणि पुन्हा कोणाच्या गाडीला हात लावणार नाही. त्या मिस्त्रीला त्यांनी वर्षानुवर्षं त्याच्याच दुकानात उभं राहून अक्कल शिकवली होती. तो बिचारा हसून घ्यायचा, पण वाट पाहत असणार. मी तरी नक्कीच वाट पाहत होतो.

गेल्या वर्षी ताईंचे गुडघे फार दुखायला लागले. इलाजासाठी त्यांना दर आठवड्याला यवतमाळला यावं लागायचं. दादा त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून आणायचे, दवाखाना झाला की दोघे आमच्याकडे जेवायला. अशाच एका सकाळी मी अंगणात उभा होतो आणि गल्लीच्या तोंडाशी निळा धूर दिसला. मला वाटलं डासांसाठी धूरफवारणीची गाडी आली. धुरातून दादा निघाले, मागे ताई, पदर नाकाला लावलेला.

खरं सांगतो, मी मनातल्या मनात पेढे वाटले. ताई आत गेल्या. दादांनी गाडी भिंतीआड लावली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, कोणाले सांगू नोका." त्यांनी प्लग काढला. काळा, ओला, चिकट. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. इंजिनात जाणारी हवा गाळणारी जाळी उघडून दाखवली, तीही तेलाने भिजलेली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कित्येक दिवस ते टपरीवर गेले नव्हते. गाडी रिकाम्या गोठ्यात लपवून ठेवत होते. आणि यवतमाळला यायच्या दिवशी, गावात कोणाला धूर दिसू नये म्हणून, ताईंना गाडीवर बसवून ते गाडी गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत ढकलत नेत आणि तिथे चालू करत. लोकांना वाटायचं पेट्रोल संपलंय. या वयात, त्या उन्हात, बायकोसकट गाडी ढकलत! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आता इंजन खोलाच लागन," दादा म्हणाले. "थ्या मिस्तरीच्या हातानं. थ्याच्या समोर माह्यं इंजन उघडन, मास्तर. अन् मंग पाना..."

पण रोगी त्यांच्या शास्त्रात बसत नव्हता. पहिल्या किकला धूर येत नव्हता, म्हणजे सीला ठीक. प्लगच्या भोकावर त्यांनी अंगठा दाबून धरला आणि मला किक मारायला लावली. हवेने अंगठा असा उडाला की ते मागे बसले. म्हणजे रिंगाही ठीक. "मंग तेल येते कुठून?" ते इंजिनावर चिडले, पेट्रोलवर चिडले, तेल बनवणाऱ्यांवर चिडले, आणि शेवटी माझ्यावर. "तुमी किक बराबर नाही मारली."

इथे माझा बांध फुटला. मोरीतला प्लग, साक्षगंधाची पंगत, सगळं एकदम वर आलं. मी ओरडलो, "अहो दादा, साऱ्या जिल्ह्याचे प्लग काढले, पण स्वतःच्या इंजिनात तेल किती आहे ते एकदा तरी पाहिलंत का?"

"माह्यं इंजन तेल पेत नाही."

"पीत नाही तर हे प्लगवर काय आहे? तूप?"

दादा जमिनीकडे पाहत म्हणाले, "कमी झालं असन. मले पाहवत नाही, मास्तर."

मग मीच खाली बसलो आणि तेलाचं झाकण फिरवून काढलं. त्या झाकणालाच खाली एक पट्टी असते, पट्टीवर दोन खुणा, त्या दोहोंच्या मध्ये तेल असावं लागतं. मी पट्टी पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढली. तेल खालच्या खुणेपाशी नव्हतं. वरच्या खुणेपाशीही नव्हतं. पट्टी पार वरपर्यंत भिजलेली होती.

दादांनी ती माझ्या हातातून घेतली. हुंगली. पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे पेट्रोल झिरपून पातळी वाढलेली नव्हती, नुसतं चांगलं, ताजं तेल होतं. त्यांचा चेहरा उजळत गेला. इंजिनात मापापेक्षा तेल जास्त झालं की ते हवेच्या नळीतून वर चढतं, जाळी भिजवतं आणि तिथून प्लगपर्यंत जातं. "इंजन तेल पेऊन नाही राह्यलं," ते म्हणाले, "ओकून राह्यलं! बाप्पा, ओकून राह्यलं!" रिंगा ठीक होत्या, सीला ठीक होत्या, अभिमान ठीक होता. आणि मग आनंद ओसरला आणि त्यांना जे सुचायला हवं होतं ते सुचलं. ते ताडकन उभे राहिले आणि असे गरजले की समोरच्या घरातली माणसं दारात आली.

"हे तेल कोणं टाकलं याच्यात? कोणाचं काम हाये हे? गावातल्या थ्या टपरीवाल्या कारट्याइचं असन! नाहीतं मिस्तरीनं कोणाले लावलं असन! डबाबी लवकर सरून राह्यला, मी म्हणतो जाते कुठी! सापडू दे थो, थ्याले..."

"म्या टाकलं," ताई म्हणाल्या.

त्या चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. या बाई फार कमी बोलतात, म्हणून त्यांच्याविषयी मी अजून फारसं काही सांगितलं नव्हतं. दादांच्या बडबडीत त्यांना जागाच मिळत नाही.

"दर खेपी निंगाच्या आधी अर्धा कप टाकत गेली," त्या म्हणाल्या. "एवढा यवतमायचा पल्ला. दोघाचं वजन. पयले बैल होते तं पेरणीच्या आधी आपुन नळ्यानं जवसाचं तेल नव्हतो का पाजत थ्याइले? बैल इकले. आता हेच वाहून राह्यली आपल्याले. अन् तुमीच तं सांगता, तेल सरलं तं मरते." मग त्यांनी दादांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "काहून? कमी पडलं का?"

दादांचं तोंड अजून उघडंच होतं. शिवी अर्धी बाहेर आलेली होती. मी त्यांना ओळखतो. साक्षगंधाच्या मांडवात सोयऱ्याची भीड न ठेवणारा, पोलिसाला चौकात शिकवणारा हा माणूस. आता काय होणार म्हणून मी त्यांच्या आणि ताईंच्या मध्ये उभा राहायला पुढे झालो.

"नाही," दादा म्हणाले. "बराबर पुरलं."

"मंग बरं झालं," ताई म्हणाल्या.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी साऱ्याइले सांगता, माह्यं इंजन तेल पेत नाही. मी टाकून राह्यली म्हटलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं न."

दादांनी चहाचा कप घेतला. मग त्यांनी विचारलं, "टाकाच्या आधी झाकण पुसलं होतं का?"

"पुसलं न. तेलबी फडक्यानं गाळून टाकलं."

"हां," दादा म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.

मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या लक्षात येत होतं की हा माणूस सारा जन्म गावोगाव तेलावर बोलत फिरला आणि आम्ही सगळे हसलो. मी हसलो, सरपंच हसला, मिस्त्री हसला. कोणी तेलाचं झाकण उघडून पाहिलं नाही. त्यांचं ते वाक्य मनापासून खरं मानणारं माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच निघालं, आणि ते त्यांच्याच स्वयंपाकघरात होतं. ज्या कपाने ताई आम्हाला चहा देत होत्या, तशाच एका कपाने त्या दर आठवड्याला त्यांच्या शब्दाचा मान राखत होत्या.

गावी परतल्यावर जादा तेल काढलं, जाळी धुतली, आणि प्लग पुन्हा बिस्किटासारखा झाला. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. कोणालाच काही कळलं नसतं. पण नाल्यापर्यंतची ती ढकलाढकली कोणीतरी पाहिली होती, निळा धूरही पाहिला होता, आणि टपरीवर चर्चा चालू होती. तुरीच्या शेंगा भरायच्या सुमारास मी ओल्या शेंगा न्यायला गेलो होतो, तेव्हा दादा मला घेऊन टपरीवर गेले. मिस्त्रीही नेमका तिथे होता. कोणीतरी विचारलंच, "काहो दादा, गाडी तेल पेऊन राह्यली म्हणते?"

मला वाटलं आता दादा छाती काढून सांगतील की इंजिन खणखणीत आहे, रिंगा शाबूत आहेत, घरच्यांनी अडाणीपणाने तेल जास्त ओतलं. ते खरंच होतं.

"म्या जास्त टाकलं होतं," दादा म्हणाले. "अंदाज चुकला माहा."

क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. मग जो काही हशा झाला! पोरं मांड्या थोपटून हसली. तेल मोजता येत नाही आणि निघाले प्लग पाहायला, असं मिस्त्री सगळ्यांदेखत बोलला, आणि मला ते असह्य झालं. इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो आला होता आणि माझं रक्त उकळत होतं ते दादांसाठी. मी तोंड उघडलं. दादांनी बाकाखालून माझा गुडघा असा दाबला की मला कळ आली. मग ते उठले, टपरीमागच्या विहिरीपाशी गेले आणि पाना आत टाकला. हसणं थांबलं. मिस्त्रीसुद्धा म्हणाला, "दादा, मी मजाक करून राह्यलो होतो." दादा म्हणाले, "बोललो होतो नं."

तेव्हापासून त्यांनी कोणाच्या गाडीला हात लावलेला नाही. माझी स्कूटर हल्ली चढावर निळा धूर सोडते. परवा मी ती मुद्दाम त्यांच्यासमोर उभी केली, रेस केली, धुराचा लोट काढला. ते खाटेवर बसून राहिले. नळकांड्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मिस्तरीले दाखवा." मला इतका राग आला की मी चहा न घेताच निघालो होतो. प्लग काढायचा नसेल तर निदान रिंगा गेल्या की सीला, एवढं तरी तोंडाने सांगावं की नाही!

पण फाटकापाशी मी थांबलो, कारण दोघे बाहेर जायला निघत होते. ताईंच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्याच घरी, यवतमाळला. ताई गोठ्यातून तेलाचा डबा आणि कप घेऊन आल्या. दादांनी झाकण काढून बाजूला धरलं, दुसऱ्या हाताने इंजिनाच्या तोंडात नरसाळं धरलं, आणि ताईंनी फडक्याने गाळून अर्धा कप तेल ओतलं. "पुरे?" त्यांनी विचारलं. "पुरे," दादा म्हणाले. ताई हात धुवायला मोरीवर गेल्या. त्याबरोबर दादांनी गवताच्या पेंढीमागून बैलांच्या वेळची मोठी पिचकारी काढली, तिला सलाइनची नळी जोडलेली होती. ती तेलाच्या तोंडात घालून त्यांनी ओढलं, अर्धा कप तेल परत डब्यात सोडलं, पट्टी पुसून पाहिली आणि झाकण लावलं. सराईत हात होता. हे दर खेपेला चालत असणार.

"दादा," मी वैतागून म्हणालो, "हा काय उपद्व्याप? एकदा सांगून का टाकत नाही त्यांना?"

ताई मोरीवरून येत होत्या. दादांनी पिचकारी पेंढीमागे सारली.

"सांगू कायले, मास्तर," ते हळूच म्हणाले. "तिले वाईट वाटन."

ताई मागे बसल्या, दादांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली. मी माझी स्कूटर घेऊन त्यांच्या मागोमाग निघालो. रस्ताभर माझ्या गाडीचा धूर मागे उडत होता आणि त्यांच्या गाडीमागे काहीच दिसत नव्हतं.